निम्म्यांना लस

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८९६च्या ऑक्टोबरमध्ये एका खोलीत आणि तिच्याबाहेरच्या व्हरांड्यात एक प्रयोगशाळा सुरू झाली. हाताखाली एक कारकून आणि तीन पट्टेवाले. तिचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले ज्यू जंतुशास्त्रज्ञ. मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले. मांडवीत दवाखाना चालवणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबरमध्ये शहरातला प्लेग ओळखला होता. व्हिएगस मूळचे गोव्यातील बार्देशच्या हडफड्याचे. ते सांगत होते ते खरे असल्याची जंतुशास्त्रीय खात्री पटल्यावर सरकारने हाफकिन यांच्याकडे एकच काम सोपवले : प्लेगवर लस शोधणे.

लस अवघ्या तीन महिन्यांत तयार झाली. ती गुणकारी आहे हे दाखवून देण्याचे काम मात्र पुढे कित्येक वर्षे चालले. भायखळ्याचा तुरुंग, दमण, बडोद्याजवळचे एक खेडे आणि पंजाबातले एक गाव अशा ठिकाणी ते घडले. लस टोचली आणि माणूस वाचला, एवढ्यावरून लशीने वाचवले असे म्हणता येते का, हा प्रश्न हिंदुस्थानच्या भूमीवर इतक्या नेटाने त्यापूर्वी क्वचितच विचारला गेला होता.

हाफकिन यांना हा प्रश्न आधीच भेटला होता. १८९३च्या मार्चमध्ये ते पटकीची लस घेऊन कलकत्त्याला आले. पहिले वर्ष उत्तर हिंदुस्थानात, बहुतांशी लष्करी छावण्यांत टोचण्या करण्यात गेले. माणसे हजारोंनी पुढे आली, पण हाती पुरावा म्हणावा असे थोडेच लागले. पटकीची साथ एका छावणीत येते, दुसरीत येत नाही. आली तर काही आठवडे चढते आणि आपोआप उतरते. ज्या पलटणीत सगळ्यांना टोचले तिथे साथ आलीच नाही, तर श्रेय लशीला द्यायचे की दैवाला? आणि साथ उतरणीला लागल्यावर टोचले, तर कोणतीही लस गुणकारीच दिसणार.

१८९४ साली कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये त्यांनी पद्धत बदलली. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या लोकांत काहींना टोचलेले आणि काहींना न टोचलेले असे दोन गट शेजारीशेजारी राहू लागले, तर साथ आपण होऊन त्यांची तुलना करून दाखवील, असा हा विचार. काट्टल बागान नावाच्या बस्तीत पटकीने दोन बळी घेतल्यावर तिथल्या सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांना लस देण्यात आली. त्यानंतर बस्तीत आणखी दहा जणांना पटकी झाली आणि सात दगावले. हे सगळे न टोचलेल्यांपैकी होते. आकडे लहान, पण त्यांचे वजन छावणीतल्या हजारोंपेक्षा जास्त होते. हाफकिन यांनी हा धडा मुंबईत येताना बरोबर आणला.

प्लेगची लस बनवण्याची रीत साधी वाटते, पण तीत फार काळजी लागे. बोकडाच्या मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालेल म्हणून बोकड. अर्कावर तुपाचे थेंब सोडले की त्यांना धरून जंतूंचे लोंबते घोस खाली वाढत. फ्लास्क हलवला की घोस तुटून तळाशी बसत आणि नवे वाढू लागत. असे साधारण सहा आठवडे. मग द्रव तापवून जंतू मारायचे आणि अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालून तो टिकवायचा. ही शेवटची पायरी पुढे महत्त्वाची ठरली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे ठरलेल्या नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, अंग दुखले, काम चालू राहिले. लोकांच्या मनावर या प्रसंगाचा मोठा ठसा उमटला आणि आजही हाफकिन यांचे नाव निघाले की तो सांगितला जातो. धैर्य मोठे खरे, पण त्यातून एवढेच कळले की लशीने माणूस मरत नाही. प्लेगपासून ती वाचवते की नाही, याचे उत्तर एका माणसाच्या दंडातून मिळण्यासारखे नव्हते.

ते उत्तर भायखळ्याच्या तुरुंगात मिळण्याची वेळ महिनाअखेरीस आली. तुरुंगात प्लेग शिरला, काही कैदी दगावले, आणि ३० जानेवारीला जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांना टोचण्यात आले. तुरुंगातला माणूस कितपत ‘आपण होऊन’ पुढे येतो, ही शंका आजचा वाचक घेणारच, आणि ती रास्त आहे. त्या काळच्या कागदांत तिला जागा नाही. तुलनेच्या दृष्टीने मात्र तुरुंगासारखी जागा सापडणे कठीण. दोन्ही गटांचे अन्न, पाणी, काम आणि बराकी सारख्याच. कोणी गावाला पळून जात नाही, कोणाची नोंद राहून जात नाही. रोजची हजेरी होते, सुटलेले वजा होतात आणि आलेले मिळवले जातात. त्यामुळे प्रत्येक गटात रोज सरासरी किती माणसे होती हे नेमके सांगता येते. हाफकिन यांनी तोच हिशेब धरला. न टोचलेल्या सरासरी १७२ कैद्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. टोचलेल्या सरासरी १४७ पैकी दोघांना झाला, मेला कोणीच नाही.

या हिशेबातली एक जागा पाहण्यासारखी आहे. टोचलेल्यांपैकी तिघांमध्ये त्याच दिवशी प्लेगची लक्षणे उमटली आणि ते वाचले नाहीत. त्यांना कुठल्या रकान्यात घालायचे? रोग अंगात आधीच शिरलेला होता, लशीला काम करायला वेळच मिळाला नाही, म्हणून हाफकिन यांनी त्यांना तुलनेबाहेर ठेवले. कारण पटण्यासारखे आहे. पण अशा निर्णयाची दुसरी बाजूही असते. लक्षणे दुसऱ्या दिवशी दिसली असती तर काय? तिसऱ्या दिवशी? रेघ कुठे मारायची हे आकडे हाती आल्यावर ठरवले, तर कोणतीही लस जरा बरी दिसू शकते. हाफकिन यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की त्यांनी ही तीन माणसे लपवली नाहीत. अहवालात ती आहेत, म्हणूनच त्यांच्याविषयी वाद घालता येतो.

त्याच वर्षी पोर्तुगीज अमलाखालच्या दमणमध्ये प्लेगने कहर केला. तिथे २,१९७ लोकांना टोचले गेले, त्यांतले ३६ मेले. न टोचलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ मेले. शेकड्यात मांडले तर एकीकडे दीडच्या जरा वर, दुसरीकडे साडेचोवीस. ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा असा हा फरक. पण दमणमध्ये टोचून घ्यायला कोण आले आणि कोण आले नाही? ज्यांच्या घरी सवड होती, ज्यांचा सरकारी डॉक्टरवर विश्वास होता, जे चांगल्या वस्तीत राहत होते, असेच लोक बहुधा आधी आले असतील. त्यांना प्लेग तसाही कमी झाला असता. शिवाय साथीत गाव सोडून गेलेले, आजारी पडल्यावर परतलेले, कुणीच न मोजलेले, यांचा हिशेब कोण देणार? दमणचे आकडे जगभर छापले गेले. पुरावा म्हणून त्यांची किंमत भायखळ्याच्या तीनशे कैद्यांपेक्षा कमी आहे, हे मात्र थोड्यांनीच लक्षात घेतले.

हाफकिन यांच्या ते लक्षात होते, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. १८९८च्या जानेवारीत मुंबईच्या उमरखाडी तुरुंगात त्यांनी भायखळ्याचाच प्रयोग पुन्हा केला आणि निकाल तसाच आला : न टोचलेल्यांत दहा रोगी व सहा मृत्यू, टोचलेल्यांत तीन रोगी, मृत्यू नाही. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या जागी तोच कल दिसला, हे पहिल्या निकालाला मिळालेले मोठे बळ होते. त्यानंतर फेब्रुवारीत उंधेरा येथे जे झाले, ते या सगळ्या इतिहासातले सर्वांत सुंदर काम म्हणावे लागेल.

उंधेरा हे बडोदा संस्थानातले हजारभर वस्तीचे खेडे. तिथे प्लेग आलेला होता. टोचायची माणसे निवडताना हाफकिन यांनी गावाचे दोन भाग केले नाहीत आणि जो येईल त्याला टोचावे असेही केले नाही. प्रत्येक कुटुंबाचेच दोन भाग केले. एका चुलीवर जेवणारे, एका छपराखाली निजणारे, एकाच भिंतीआडच्या उंदरांच्या सहवासात राहणारे लोक. त्यांतल्या निम्म्यांना लस, निम्म्यांना नाही. अशा रीतीने ५१३ जणांना टोचले गेले. प्लेग कुठल्या घरात शिरणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण तो ज्या घरात शिरेल, तिथे दोन्ही प्रकारची माणसे त्याची वाट पाहत असणार होती. श्रीमंत-गरीब, स्वच्छ-अस्वच्छ, विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे हे सगळे भेद कुटुंबाच्या उंबऱ्यावरच गळून पडत होते.

साथ ओसरल्यावर अधिकारी पुन्हा गावात गेले. प्लेगने २८ कुटुंबांना गाठले होते. त्या घरांतल्या न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ आजारी पडली आणि २६ मेली. टोचलेल्या ७१ पैकी आठ आजारी पडली, तीन मेली. दमणच्या आठ हजारांच्या यादीपेक्षा उंधेऱ्याची ही १३५ माणसे लशीविषयी अधिक खात्रीने बोलतात. एकाच घरात वाचलेल्यांनी आणि गेलेल्यांनी दिलेली ही साक्ष आहे. त्या ६४ जणांच्या वाट्याला जे आले, त्याकडेही डोळेझाक करता येत नाही.

याच काळात पुण्यात ब्रिटिश प्लेग अधिकारी रँड याचा बंदोबस्त, घरझडत्या आणि त्यातून उसळलेला संताप, असे वातावरण होते. टोचणीविषयी नाना अफवा उठत होत्या. जबरदस्तीने वागणाऱ्या सरकारच्या हातातली सुई लोकांना संशयास्पद वाटावी यात नवल नाही. मुंबईत खोजा समाजाने मोठ्या संख्येने लस घेतली, कारण त्यांचे धर्मगुरू आगाखान लशीच्या पाठीशी उभे राहिले. माझगावचा आपला बंगलाही त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिला. पुढे १८९९ साली ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

सरकारलाही स्वतःची खात्री करून घ्यायची होती. एडिनबराचे प्राध्यापक टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १८९८ साली हिंदुस्थानचा प्लेग आयोग नेमला गेला. विषमज्वराच्या लशीवर काम करणारे ऑल्मरॉथ राइट हेही त्यात होते. आयोगाने आकड्यांचा पाया खणून पाहिला. साथीच्या दिवसांत अर्धे शहर रिकामे होते, तेव्हा ‘न टोचलेले’ म्हणून लिहिलेली संख्या खरी कशावरून? साथीच्या मध्येच टोचून घेतलेला माणूस आधीच्या आठवड्यांत कोणत्या गटात होता? लशीच्या प्रत्येक बाटलीत मेलेल्या जंतूंचे प्रमाण सारखे असते का? शेवटचा प्रश्न सगळ्यात अडचणीचा होता. लशीची ताकद द्रवाच्या गढूळपणावरून नजरेने अजमावली जात होती, आणि एवढ्यावर भागणारे नव्हते. टोचणीने रोगाचे प्रमाण आणि मृत्यू दोन्ही घटतात, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. पण मापात धरलेला प्रत्येक दोष त्यांनी लिहून ठेवला.

हाफकिन यांची पुढची कसोटी वेगळ्याच दिशेने आली. १९०२ साली पंजाब सरकारने प्रांतभर टोचण्या करायचे ठरवले आणि परळकडे प्रचंड प्रमाणात लशीची मागणी केली. बोकडाच्या अर्काला आणि सहा आठवड्यांना एवढा वेळ नव्हता. हाफकिन यांनी जलद रीत घेतली. जंतू घट्ट आगरवर वाढवायचे, पाण्यात उतरवायचे आणि उष्णतेने मारायचे. कार्बोलिक आम्ल त्यांनी गाळले. पॅरिसची पाश्चर संस्थाही त्याशिवाय लस करत होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील मुलकोवाल गावात १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी १९ जणांची लस ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतली होती. आठवडाभरात त्यांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. एकोणीसच्या एकोणीस मेले. इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

ती बाटली परळला ४१ दिवस आधी भरली गेली होती. परळच्या वहीत प्रत्येक बाटलीची नोंद असे, म्हणून हे कळले. बाटली दूषित झाली होती याविषयी दुमत नव्हते. ती कुठे आणि कधी दूषित झाली, एवढाच प्रश्न होता : परळला भरताना की मुलकोवालला उघडताना?

चौकशी आयोगावर मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स आणि बोमफर्ड व सेंपल हे दोन लष्करी डॉक्टर होते. जंतू बाटली उघडण्याआधीच आत गेले होते, म्हणजे दोष प्रयोगशाळेचा, असे आयोगाने ठरवले. कार्बोलिक गाळण्याकडेही बोट दाखवले गेले. लंडनच्या लिस्टर संस्थेचे मतही त्याच बाजूला पडले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले.

आयोगापुढे झालेल्या साक्षी १९०६च्या अखेरीपर्यंत प्रसिद्ध झाल्या नाहीत. त्या छापल्या गेल्या तेव्हाच इतरांना त्या वाचता आल्या आणि हाफकिन यांची बाजू खऱ्या अर्थाने सुरू झाली. साक्षीत एक प्रसंग होता. मुलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो ज्योतीवर धरण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून काढला आणि तसाच बुचाला लावला. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात राहतात, आणि त्यांच्या बीजाणूंना अशा क्षणभराच्या आंघोळीने काही होत नाही. दुसरी साक्ष वासाची. टोचणाऱ्या डॉक्टरने सांगितले की बाटली उघडली तेव्हा तिला कसलीच दुर्गंधी आली नाही. धनुर्वाताचे जंतू त्या बंद बाटलीत ४१ दिवस वाढत राहिले असते, तर असह्य वास सुटला असता.

मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी १९०७ साली ‘नेचर’ आणि ‘टाइम्स’मध्ये हे मुद्दे मांडले. हाफकिन यांच्या बाजूने केवळ दयाबुद्धीने लिहिलेली ही पत्रे नव्हती. रॉस यांचा रोख चौकशीच्या पद्धतीवर होता. जुलैमध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये संयुक्त पत्र प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कचे सायमन फ्लेक्सनर त्यांत होते. आयोगाचा निष्कर्ष पुराव्याला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या माणसाने प्रत्येक टोचलेल्यासमोर एक न टोचलेला उभा करून दाखवला होता, त्याच्याविरुद्धचा निकाल देताना पहिल्या शक्यतेसमोर दुसरीला नीट उभेच केले गेले नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत घेतले. ते कलकत्त्याला परतले, पण पूर्वीसारखे मैदानी प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना मिळाली नाही. १९१४ साली ते निवृत्त झाले आणि १९३० साली लोझान येथे वारले.

१९१५ साली इंग्लंडमध्ये मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी पटकी आणि विषमज्वर यांच्या टोचण्यांची आकडेवारी तपासणारा निबंध वाचला. हिंदुस्थानातले पटकीचे आकडे त्यात होते. अशा आकड्यांवरून लस गुणकारी म्हणायची तर काय काय खरे असायला हवे, हे त्यांनी सांगितले. दोन्ही गट सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे असावेत. रोगाशी त्यांचा संबंध सारखाच आलेला असावा. कोणी टोचलेला आहे यावरून त्याला रोग झाला की नाही हे ठरवले जाऊ नये. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्रपणे नोंदवल्या जाव्यात. पहिल्या दोन अटी उंधेऱ्याच्या घरांनी बऱ्याच अंशी पाळल्या होत्या. तिसरी कठीण होती. गावात ताप आला की तो प्लेगचा आहे की साधा, हे ठरवणाऱ्याला तो माणूस टोचलेला आहे की नाही हे ठाऊक असू शके.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. लशीची ताकद कशी मोजायची, हा फ्रेझर आयोगाचा प्रश्न तिथेच सुटला. १९३२ पासून संस्थेचे संचालक असलेले साहिब सिंग सोखी यांनी उंदरांवरची चाचणी बसवली. लशीच्या निरनिराळ्या मात्रा उंदरांच्या गटांना टोचायच्या, मग सगळ्यांना जिवंत प्लेगचे जंतू द्यायचे आणि कोणत्या मात्रेला किती उंदीर जगतात ते मोजायचे. बरोबरीने न टोचलेल्या उंदरांचा एक गट ठेवायचा. लशीची ताकद आता द्रवाच्या गढूळपणावरून ठरवायची गरज उरली नाही. ती पिंजऱ्यात जगलेल्या उंदरांच्या संख्येवरून ठरू लागली.